गजावरचं ऊन

साडेसहाला प्रेसचा भोंगा होतो
आणि समोरच्या गॅलरीत गांगुर्डे येतात.
कठड्यावर स्पंजची डबी ठेवतात,
खुर्ची ओढतात, तिचा एक पाय आखूड.
मग शंभर कागद मोजतात.

भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचे कागद,
कात्रीनं नोटेच्या मापात कापलेले.
पोळ्याच्या आसपास त्यांची उजवी बाजू गेली होती.
डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला,
तो त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याला दिला.
म्हणाले, बत्तीस वर्षं चेकिंगला होतो,
बोटांना तेवढंच समजतं.

मी रोज एक श्वासभर शूट करते.
चावीचा कॅमेरा, देवळाली कॅम्पातल्या
एका लग्नवाल्या फोटोग्राफरनं पंख्याच्या किमतीत दिलेला.
चावी पिळायची. भोंगा थांबू द्यायचा.
श्वास आत: बटण दाबायचं.
श्वास बाहेर: सोडायचं.
झालं आजचं.
मग दूध, मग डबा, मग सिन्नरची बस.

गोष्ट काय आहे तुझ्या सिनेमाची, आई विचारते.
शंभर, म्हणते मी.

एकदा थंडीत गठ्ठाच सुटला त्यांच्या हातून.
कागद खाली, स्कूटरच्या सीटवर, गटारात,
पेरूवाल्याच्या गाडीवर.
मार्च महिना सापडलाच नाही.
दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरं वर्ष कापलं.

द्राक्षं आली तशी मी रिळं धुवायला घेतली.
मोहाडीहून मावसभाऊ क्रेट आणायचा,
निर्यातीत नापास झालेला माल:
मणी बारीक, नाहीतर एकाच बाजूनं रंग धरलेला.
कुस्करायचा, गाळायचा, त्यात धुण्याचा सोडा,
बाथरूमची फट गोधडीनं बुजवायची
आणि अंधारात बादली हलवत बसायचं,
साठपर्यंत मोजत, पुन्हा साठ.
आंबूस वास जिन्यात जायचा.
खालच्या मजल्याला वाटायचं, मी काहीतरी गाळते.
उजेडात धरलं की जांभळट धुकं,
त्यात एक अंगठा.
पुन्हा अंगठा.

शिमग्याच्या आदल्या रात्री गच्चीवर चादर बांधली.
गांगुर्डे काठी टेकत आले, इस्त्रीचा सदरा घालून.
सहा मिनिटं. एक शब्द नाही.
पुन्हा लाव, म्हणाले.
दुसऱ्यांदा मध्येच त्यांचा हात वर झाला,
तोच, उजवा.
थांब. हे दोन नग एकाच दिवसाचे.

मला ताप होता सतरा तारखेला.
अठराला मी दोन श्वास घेतले.
कोण मोजणार होतं?

गजावरचं ऊन बघ, म्हणाले.
दोन दिवस ऊन एका जागी थांबत नाही.

बनावट हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.
चादर तेवढी वाऱ्यानं फडफडली.

कापून टाकते, मी म्हटलं.
मग गठ्ठा कमी भरेल, ते म्हणाले.
खराब नोट निघाली की आम्ही जागा मोकळी नाही ठेवत.
तिथं दुसरी जाते, तिच्या नंबरात चांदणी असते.
लपवायचं नाही गं.
इथली गेली, एवढं सांगायचं.

रात्री एक श्वासभर काळी पट्टी कापली.
साठ-सत्तर चौकटी, शिवणाची सुई,
प्रत्येकीत एक टोचा.
हात स्थिर राहिला नाही,
म्हणून चांदणी थरथरते.
सोळा आणि अठराच्या मध्ये,
अंगठा नसलेला तो एकच दिवस.

सकाळी भोंगा झाला.
कठड्यावर डबी, खुर्चीचा आखूड पाय.
त्यांनी वर पाहिलं नाही,
मोजणी चालू होती.

ऊन कालच्यापेक्षा बोटभर पुढे.